विश्लेषण : जुनी ब्रिटिश फटफटी चालवायची की फक्त मांडून ठेवायची?

मोटारसायकलला खेड्यापाड्यांत 'फटफटी' म्हणत, त्या काळातील बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, ट्रायम्फ ही नावे आज बहुतेकांना चित्रपटांतून किंवा शहरांतील विंटेज रॅलींच्या छायाचित्रांतून माहीत असतात. पण अशी गाडी वाशिम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावात एखाद्या गोठ्यात, टिनाच्या शेडखाली किंवा जुन्या वाड्याच्या ओसरीत निघाली, तर तिचे करायचे काय? भंगारात घालायची, शहरातल्या संग्राहकाला विकायची, की दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायची? तिसरा पर्याय मनाला भावणारा असला, तरी तो दिवसेंदिवस अवघड होत आहे. २०२१ चे विंटेज वाहन नियम, २०२५ मध्ये वाढलेले फेरनोंदणी शुल्क आणि पंपावर मिळणारे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल या तीन गोष्टींनी हे गणित बदलले आहे. ते कसे, आणि अशा गाडीच्या मालकाने नेमके काय करावे, याचा हा आढावा.

या गाड्या इकडे आल्या कशा?

भारतातील जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींचा मोठा हिस्सा दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने आला. ब्रिटिश सैन्याने संदेशवाहक, पहारा आणि ताफ्यांच्या पुढे धावण्यासाठी लाखो मोटारसायकली बनवून घेतल्या. त्यात बीएसएची 'एम २०' सर्वाधिक गाजली. ४९६ सीसीचे एक सिलिंडरचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन, जेमतेम १३ अश्वशक्ती आणि सुमारे १६५ किलो वजन. वेगाचा तोरा नाही, पण कुठल्याही रस्त्यावर ओढत नेणारी ताकद. युद्धकाळात या मॉडेलच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या तयार झाल्या. तिच्या लष्करी रूपाला 'डब्ल्यूएम २०' म्हणतात. 'शोले'मध्ये जय-वीरूची साइडकार लावलेली गाडी हीच. तिच्याबरोबर नॉर्टन '१६ एच', मॅचलेस 'जी ३ एल', एरियलची ३५० सीसीची 'डब्ल्यूएनजी', रॉयल एनफिल्ड आणि ट्रायम्फ याही लष्कराच्या सेवेत होत्या.

युद्ध संपले आणि ही वाहने परत नेणे ब्रिटनला परवडणारे नव्हते. लष्करी आगारांतून ती लिलावात निघाली. जुन्या मिस्त्रींच्या बोलण्यातला 'डिस्पोजलचा माल' हा शब्द तेव्हाचा. या लिलावांतून गाड्या कंत्राटदार, डॉक्टर, जमीनदार, व्यापारी अशांच्या दारी गेल्या. म्हणूनच एखाद्या आडगावी निघालेल्या गाडीच्या रंगाच्या चार थरांखाली हिरवट किंवा खाकी लष्करी रंग दिसला, तर त्यात नवल नाही.

मग त्या दुर्मीळ का झाल्या?

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई होती आणि आयातीवर निर्बंध आले. १९५५ मध्ये मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली, साठच्या दशकात म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. या गाड्यांचे भाग जवळच्या शहरात मिळत. बीएसए किंवा नॉर्टनचा साधा गिअरही मिळेनासा झाला. त्यामुळे दोन बंद गाड्यांतून एक चालती करायची आणि उरलेली भंगारात द्यायची, ही रीत पडली. अशा प्रत्येक दुरुस्तीबरोबर एक गाडी कमी झाली.

तिकडे ब्रिटनमध्येही हा उद्योग कोसळत होता. पन्नाशीच्या दशकात जगातील सर्वांत मोठ्या मोटारसायकल कंपन्यांत गणली जाणारी बीएसए १९७३ मध्ये नॉर्टन-व्हिलियर्स-ट्रायम्फ या समूहात विलीन झाली आणि पाहता पाहता संपली. त्यामुळे मूळ कंपनीकडून भाग मागवण्याचा मार्गही बंद झाला.

काळाचा फेरा असा, की आज यातली बरीच नावे भारतीय हातांत आहेत. रॉयल एनफिल्ड आयशर समूहाकडे आहे. महिंद्रा समूहाच्या क्लासिक लिजंड्सने २०१६ मध्ये बीएसए घेतली आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी 'गोल्ड स्टार ६५०' भारतात आणली. टीव्हीएसने २०२० मध्ये नॉर्टन विकत घेतली. बजाज आणि ट्रायम्फची भागीदारी २०१७ मध्ये जाहीर झाली आणि २०२३ पासून ४०० सीसीच्या ट्रायम्फ पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होतात. ज्याला फक्त ते रूप आणि ते नाव हवे आहे, त्याच्यासाठी या नव्या गाड्या उत्तम आहेत. त्यांना बटणावर सुरू होणारे इंजिन, डिस्क ब्रेक आणि वॉरंटी आहे. जुनी गाडी ठेवणे हा यापेक्षा अगदी निराळा व्यवहार आहे आणि त्याची कारणे ती चालवायला बसल्यावर कळतात.

ती चालवताना वेगळे काय असते?

पहिला धडा पायांचा. बहुतेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. जुनी बुलेट चालवलेल्यांना हे सवयीचे आहे, पण आजच्या गाडीवर शिकलेला तरुण अडचणीच्या क्षणी सवयीने उजवा पाय दाबतो आणि ब्रेकऐवजी गिअर पडतो. त्यामुळे रिकाम्या मैदानात सराव केल्याशिवाय रस्त्यावर येणे धोक्याचे.

दुसरा धडा किकचा. हँडलवरील एक दट्ट्या ठिणगी आधी पडावी की उशिरा, हे ठरवतो. किक मारताना ठिणगी उशिरा ठेवावी लागते. ते विसरले तर किक उलटी मारते आणि घोटा दुखावतो. कार्बोरेटरची टिकली दाबून पेट्रोल वर आणायचे, व्हॉल्व्ह उचलणारा दट्ट्या ओढून पिस्टन योग्य जागी आणायचा आणि मग एकच सणसणीत किक. हा क्रम जमला की या गाड्या बॅटरी नसतानाही सुरू होतात, कारण त्यांच्या प्लगला वीज मॅग्नेटो देतो.

तिसरा धडा थांबण्याचा. लहान ड्रम ब्रेक आणि सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा ही त्या काळची मर्यादा आहे. मानोरा-कारंजा परिसरात संध्याकाळी रोही रस्त्यावर येतात. कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्यही याच भागात आहे. अशा ठिकाणी जुन्या गाडीने दिवस मावळण्याआधी घरी पोहोचणे, हा साधा नियम जीव वाचवणारा आहे. या गाड्यांना मुळात इंडिकेटर नसत, त्यामुळे हाताचे इशारेही पुन्हा शिकावे लागतात. हेल्मेटबाबत मात्र जुन्या काळाची सबब चालत नाही.

असे असले, तरी गावाकडचा रस्ता या गाड्यांना शहरापेक्षा मानवतो. कमी फेऱ्यांवर ओढणारे इंजिन, ताशी ५०-६० किलोमीटरचा निवांत वेग आणि सिग्नलवर उभे राहून तापण्याची गरज नाही. समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकींना मनाईच आहे. या गाड्यांचा रस्ता जुना, गावांना शिवत जाणारा. फक्त एप्रिल-मे महिन्यांत, पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा, हवेवर थंड होणाऱ्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनाला भर दुपारी बाहेर काढू नये.

सुटे भाग आणि मिस्त्री कुठे मिळतात?

दिल्लीतील करोल बाग, मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार ही अशा भागांची ठरलेली ठिकाणे. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांचे भाग नव्याने बनवणारे लहान उद्योग आजही आहेत आणि ते टपालाने माल पाठवतात. त्यावर वाहतूक आणि सीमाशुल्क चढते. म्हणून भारतात बरेच काम लेथवर होते. बुश, पिन, व्हॉल्व्ह गाइड, स्पिंडल हे भाग अकोला-अमरावतीसारख्या शहरांतला चांगला टर्नर नमुना पाहून बनवू शकतो.

अडचण असते ती आट्यांची. या गाड्यांचे नट-बोल्ट आजच्या मिलिमीटरच्या मापात बसत नाहीत. व्हिटवर्थ आणि सायकल थ्रेड अशा जुन्या ब्रिटिश मापांचे आटे त्यांना असतात. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडाही नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. हे माहीत नसलेल्या कारागिराने मिलिमीटरचा पाना लावला की नटाचे कोपरे झिजतात आणि चुकीचा बोल्ट बळेच फिरवला की इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या कवचातील आटे जातात. ८० वर्षे टिकलेला भाग पाच मिनिटांत खराब होतो तो असा.

म्हणूनच अशा गाडीच्या मालकासाठी सर्वांत मोलाचा 'सुटा भाग' म्हणजे जुना मिस्त्री. मॅग्नेटोचे चुंबक पुन्हा भारणे, त्याची गुंडाळी बदलणे, कानाने ठिणगीची वेळ जुळवणे हे त्यांचे ज्ञान कुठल्या पुस्तकात बसलेले नाही आणि ही पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. गाडी मिळेल, कागद मिळतील, पण तिला बोलते करणारा हात मिळेलच असे नाही.

इथेनॉलच्या पेट्रोलने नेमके काय होते?

फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात झाली आणि आता देशभर तेच मुख्य इंधन आहे. ऊस, मका, तांदूळ यांपासून इथेनॉल बनते, तेलाची आयात कमी होते आणि शेतकऱ्याच्या मालाला आणखी एक गिऱ्हाईक मिळते. शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात या धोरणाला सरसकट विरोध करणे योग्य ठरणार नाही.

पण १९४५ च्या कार्बोरेटरला हे धोरण माहीत नाही. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पाणी व इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळे बसू शकते आणि टाकी आतून गंजते. जुन्या ॲमल कार्बोरेटरचे जस्त-मिश्रधातूचे अंग झिजते. त्या काळचे रबर, बुचाचे वायसर आणि टाकीला आतून दिलेला जुना लेप यांना इथेनॉल फुगवते किंवा विरघळवते. शिवाय एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते आणि त्यात मुळातच ऑक्सिजन असतो. त्यामुळे जुन्या जेटमधून जाणारे मिश्रण पातळ पडते आणि इंजिन जास्त तापते.

उपाय आहेत. मुख्य जेट थोडे मोठे बसवणे, इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या नळ्या व वायसर लावणे आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करणे. मात्र सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गाडी नियमित चालवणे. ताजे पेट्रोल येत राहिले तर नुकसान कमी होते. उभी गाडी जास्त लवकर मरते, आणि ही बाब पुढे नियमांच्या संदर्भात महत्त्वाची ठरते.

कागदपत्रांचा गुंता कुठे असतो?

वऱ्हाडातील जुन्या गाडीचे कागद म्हणजे या प्रदेशाचा राजकीय इतिहासच. वाशिम हा पूर्वी स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला. १९४६ मध्ये या भागात नोंदलेली गाडी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची. १९५० मध्ये तेच राज्य मध्य प्रदेश झाले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला आणि त्याला एमएच-३७ हा वाहन क्रमांक मिळाला. गाडी गावाबाहेर गेली नाही, तरी तिचे राज्य तीनदा आणि जिल्ह्याचे कार्यालय एकदा बदलले. अशा प्रवासात जुनी नोंदवही कुठल्या कपाटात राहिली, हे शोधणे सोपे नसते.

दुसरा गुंता वारसाचा. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन ३० वर्षे झाली आणि नातवंडे चार, हे चित्र नेहमीचे. नियमानुसार मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलायचे असते. शेतीचा सातबारा वेळेत फिरवणारे घरही गाडीच्या बाबतीत हे करत नाही. मग विक्रीच्या किंवा अपघाताच्या वेळी अडते.

तिसरा गुंता क्रमांकांचा. लष्करी कार्यशाळांत इंजिने सर्रास बदलली जात, त्यामुळे चेसिस व इंजिनाचे क्रमांक एकाच वर्षाचे नसणे म्हणजे लबाडी असे नाही. पण कागदावरील आणि लोखंडावरील क्रमांक जुळलेच पाहिजेत. घासलेला, पुन्हा ठोकलेला क्रमांक दिसला तर सौदा तिथेच थांबवावा. ब्रिटनमधील जुन्या मोटारसायकलींच्या मालक-संघटना क्रमांकांवरून निर्मितीचे वर्ष सांगणारे प्रमाणपत्र देतात. वय सिद्ध करायला ते उपयोगी पडते.

विंटेज नोंदणीचा नियम काय सांगतो?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढील फेरनोंदणीला ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो, तर नव्याने नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात.

हा नियम स्वागतार्ह होता. जुन्या गाडीला पहिल्यांदाच कायद्यात ओळख मिळाली. पण त्यातच एक अट आहे : अशी गाडी नियमित किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची.

मुंबई, पुणे, नागपुरात ही अट फारशी जाचत नाही. तिथे रॅली होतात, क्लब आहेत. इंझोरीच्या मालकासाठी रॅली म्हणजे गाडी टेम्पोत टाकून शेकडो किलोमीटर नेणे. रविवारी सकाळी मानोऱ्याला किंवा पोहरादेवीला जाऊन येणे, हा त्याचा खरा वापर. तो या यादीत स्पष्टपणे बसत नाही.

नेहमीचीच नोंदणी ठेवली तर?

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. १५ वर्षांनंतर गाडी आपोआप भंगारात जाते, असे महाराष्ट्रात नाही. दिल्ली परिसरातील वयाची बंदी इथे लागू नाही. तपासणी करून खासगी गाडीची नोंदणी दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते आणि अशी गाडी रोज चालवता येते. प्रदूषण चाचणीतही मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींना सैल निकष आहेत : कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम. नीट जुळवलेले जुने इंजिन ही चाचणी पार करू शकते.

खरा प्रश्न शुल्काचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या वाहनांचे फेरनोंदणी शुल्क वाढवले. साध्या मोटारसायकलीला आता २,००० रुपये, तर आयात केलेल्या दुचाकीला २०,००० रुपये. नोंदीत गाडी 'आयात' या वर्गात धरली गेली, तर दर पाच वर्षांनी २०,००० म्हणजे २० वर्षांत ८०,००० रुपये. विंटेज नोंदणीत तेवढ्याच काळात २५,००० लागतात. त्याशिवाय नेहमीच्या नोंदणीला राज्याचा पर्यावरण कर आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट हे आहेच. थोडक्यात, चालवायची असेल तर महाग आणि मांडून ठेवायची असेल तर स्वस्त, असे हे दरपत्रक आहे.

विम्याबाबतही सावध राहावे. तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहेच. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी पाच वर्षांहून जुन्या वाहनाची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते. छायाचित्रे, खर्चाच्या पावत्या आणि जाणकाराचे मूल्यांकन जवळ नसेल, तर दुर्मीळ गाडीलाही भंगाराचा भाव लागतो.

इतर देश काय करतात?

या गाड्यांच्या मायदेशी चित्र वेगळे आहे. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या वाहनाला रस्ता कर माफ आहे आणि मोठे बदल केलेले नसतील तर मे २०१८ पासून वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकाचीच. ती फक्त रॅलीला न्यावी, अशी सक्ती नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले, तेव्हा जुन्या वाहनांसाठी पाच टक्क्यांचे पेट्रोल मोठ्या पंपांवर वेगळे उपलब्ध ठेवले गेले. नवे धोरण राबवताना जुन्या यंत्रांसाठी एक दार उघडे ठेवता येते, एवढे त्यावरून दिसते.

हा श्रीमंतांचा छंद नाही का?

हा आक्षेप रास्त आहे. सोयाबीन-कापसाच्या भावाची चिंता असलेल्या जिल्ह्यात ८० वर्षांच्या गाडीसाठी सवलत मागणे अनेकांना खटकेल. जुनी वाहने जास्त धूर सोडतात, त्यांचे ब्रेक कमकुवत असतात, हेही खरे. पण अशा गाड्यांची संख्या इतकी थोडी आणि त्यांचे वर्षाचे फिरणे इतके कमी, की हवेवर त्यांचा भार नगण्य आहे. धोका वेगाचा आणि अंधाराचा आहे. तो दिवसाची आणि मर्यादित अंतराची अट घालून कमी करता येतो.

उलट आजचे नियमच हा छंद श्रीमंतांचा करत आहेत. ज्याच्याकडे वातानुकूलित गॅरेज, ट्रेलर आणि क्लबचे सदस्यत्व आहे, त्याला विंटेज नोंदणी सोयीची आहे. ज्याच्याकडे फक्त आजोबांची गाडी आणि गावचा रस्ता आहे, त्याला ती कुलूप लावून ठेवायला सांगते. मग तो ती विकतो. गाडी शहरात जाते, चकाकते, दिवाणखान्याची शोभा होते. भंगारात जाण्यापेक्षा हे बरेच, पण गावाच्या आठवणीतून ती गेलेली असते.

मग काय व्हायला हवे?

पहिले, विंटेज नोंदणीत मर्यादित वापराला स्पष्ट परवानगी हवी. वर्षाला ठरावीक किलोमीटर आणि सूर्यास्तापूर्वीचा प्रवास, अशी सोपी अट पुरेशी आहे. यंत्र जपायचे म्हणजे त्यात तेल फिरत राहिले पाहिजे. चालवायला बंदी घालून जतन होत नाही.

दुसरे, ५० वर्षांहून जुन्या दुचाकीला 'आयात' वर्गाचे शुल्क लावू नये. हे शुल्क महागड्या परदेशी गाड्यांसाठी असेल, तर स्वातंत्र्यापूर्वी लष्कराने आणलेली आणि लिलावात इथल्या माणसाने घेतलेली गाडी त्यात मोजणे विसंगत आहे. तिसरे, प्रत्येक जिल्ह्यात निदान एका पंपावर कमी इथेनॉलचे पेट्रोल मिळावे. त्याचा फायदा फक्त विंटेज मालकांना होणार नाही, १५-२० वर्षांपूर्वीच्या साध्या दुचाकी चालवणारे हजारो लोकही त्याचे गिऱ्हाईक असतील. चौथे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी जुन्या मिस्त्रींना बोलावून त्यांचे काम मुलांना दाखवावे आणि त्याचे चित्रीकरण करून ठेवावे. यासाठी लागणारा पैसा किरकोळ आहे, वेळ मात्र फार उरलेला नाही.

नियम बदलेपर्यंत मालकाने करायच्या गोष्टी साध्या आहेत. गाडी सापडली की आधी रंग मारू नये, क्रमांक घासू नये, जाम झालेल्या इंजिनाला जोर लावून किक मारू नये. सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, घरातील जुनी आरसी, कर आणि विम्याच्या पावत्या शोधाव्यात. परिवहन कार्यालयात जुना क्रमांक देऊन नोंद तपासावी, नावबदल आधी करावा आणि विलंब शुल्काचा हिशेब लेखी घ्यावा. विकायचीच असेल, तर किलोच्या भावाने देण्यापूर्वी दोन जाणकारांना दाखवावी.

'जुने ते सोने' ही म्हण आपण सहज वापरतो. सोने तिजोरीत ठेवले तरी सोनेच राहते. लोखंडाचे तसे नाही. ते वापरात राहिले तरच टिकते. मानोऱ्याच्या बाजारात एखादी ८० वर्षांची फटफटी स्वतःच्या चाकांवर येऊन उभी राहिली आणि पोरे तिच्याभोवती जमली, तर तेवढे जतन कुठल्याही प्रदर्शनाच्या तोडीचे आहे. कायद्याने तिला तिथवर येण्याची परवानगी द्यावी, एवढीच अपेक्षा आहे.